सहा महिन्यांनी धाकटी

शिवरामभाऊ रामटेके पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना चांगली चाळीस मिनिटं बाहेर बसवून ठेवलं होतं. अपॉइंटमेंट नव्हती, मग बसा. टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्कमधलं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक खोकणारं फोटोकॉपी मशीन आणि कॉरिडॉरच्या टोकाला कुलूप लावलेली वॉशरूम. वकील प्रताप, जन्म इथलाच, ब्रॅम्प्टनचा, हिंदी मोडकीतोडकी. आणि मी मृणालिनी, त्याची असिस्टंट. इमिग्रेशनचे फॉर्म भरायचे, फाइली लावायच्या, कोर्टात कागद दाखल करायचे आणि रडणाऱ्यांसमोर टिश्यूचा डबा सरकवायचा. चौदा वर्षं हेच करत होते. शेवटी शेवटी डबा सरकवताना वर बघणंही मी सोडलं होतं.

ते आत आले, खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, "जय भीम, ताई." मी पुण्याची. इतक्या वर्षांत ऑफिसात मला कोणी जय भीम घातला नव्हता. मी गडबडून "नमस्कार" म्हणाले. ते नुसते हसले. जुलैचा उकाडा होता, अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि डाव्या हाताच्या शिरा अंगठ्याएवढ्या फुगलेल्या. माझी नजर तिथे अडकलेली त्यांनी पाहिली.

"डायलिसिसचं आहे जी. घाबरू नका, दुखत नाही."

माणूस असा. स्वतःच्या मूत्रपिंडाचं सांगतानासुद्धा समोरच्याची काळजी.

ते नागपूरकडचे, उमरेडजवळच्या एका गावचे. २००१ साली कॅनडात आले, एटोबिकोत विमानाच्या पाइपांचे जोड बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन एकेक जोड मोजायचा. केसाएवढा फरक निघाला की लाल चिठ्ठी लावून परत. २००७ साली दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीनवर आणि उरलेल्या दिवशी ड्यूटी. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा आणि डाळसुद्धा धरायची. वहिनींना मधुमेह, त्यांची किडनी चालेना. इथल्या यादीत नंबर लागायला सात-आठ वर्षं. राहिली एकच, नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिकवणारी धाकटी बहीण, धम्मप्रिया. रक्तगट जुळला होता. ती म्हणाली, "दादा, घेऊन टाक." इथल्या हॉस्पिटलने पत्र दिलं, तिने व्हिजिटर व्हिसासाठी अप्लाय केलं, आणि नकार आला.

नकाराचं पत्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. छापील कागद, त्यावर दोन चौकोनांत टिकमार्क. तुम्ही भेट संपल्यावर परत जाल याची खात्री वाटत नाही, वगैरे. का वाटत नाही, ते काही नाही.

"आता कोणत्या कोर्टात जायचं?" त्यांनी विचारलं.

प्रताप फोनवर होता, म्हणून मीच सांगायला बसले. इथे घटस्फोट, चोऱ्यामाऱ्या, घरमालकाची भांडणं, हे सगळं प्रांताच्या कोर्टात. पण दिल्लीसारखं इथे ओटावा. त्या केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याने तुमच्यावर अन्याय केला असेल, तर त्यासाठी वेगळं फेडरल कोर्ट. इमिग्रेशन, पेटंट, समुद्रातली जहाजं, असलं सगळं तिथे. मुख्य ठाणं ओटावात, पण जज बॅगा भरून गावोगाव फिरतात, टोरोंटोतही बसतात. मात्र थेट आत जाता येत नाही. आधी कागदावर परवानगी मागायची. एक जज आपल्या खोलीत बसून कागद वाचतो आणि हो किंवा नाही म्हणतो. बहुतेकांना नाहीच म्हणतो. का नाही, ते सांगत नाही, आणि त्यावर अपीलही नाही. हो म्हणाला तर तारीख, तासदीड तासाची सुनावणी.

"आणि जिंकलो तर जज व्हिसा देते?"

"नाही. जज व्हिसा देऊ शकत नाही. ऑफिसरने ठरवलं ते कायद्याला धरून, नीट विचार करून ठरवलं का, एवढंच बघायचं. नसेल तर तो निकाल रद्द करून दुसऱ्या ऑफिसरकडे पाठवायचं. पुन्हा पहिल्यापासून."

लोक हे ऐकून चिडतात. "मग कोर्ट कशाला म्हणायचं याला?" असं मला शंभर जणांनी सुनावलंय, जसं काही कायदा मीच लिहिला. हे मात्र खूश झाले.

"आमच्यासारखंच आहे की हो! मी जोड बनवत नाही. मी मोजतो, चूक असेल तर लाल चिठ्ठी, परत लाइनवर. बनवणं त्यांचं काम." मग प्रतापच्या दाराकडे बघून म्हणाले, "दाखल करा जी."

या माणसाचा कायद्यावर विश्वास होता, आणि तो नुसता दाखवण्यापुरता नव्हता. मिसिसागात त्यांच्या आंबेडकर असोसिएशनची महिन्यातून एकदा सभा व्हायची, तिथे ते संविधानावर बोलायचे. पोरं इंग्लिशमधून प्रश्न विचारायची, हे मराठीतून उत्तर द्यायचे, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. आमच्या मराठी मंडळात गणपतीला तीनशे माणसं जमतात, पण इथला कायदा काय म्हणतो हे विचारणारा मला एक भेटला नाही. मी हे बोलले की आमच्या लोकांना राग येतो. येऊ दे.

ऑगस्टमध्ये आम्ही परवानगीचा अर्ज दाखल केला. एकदा अर्ज गेला की कोर्ट व्हिसा ऑफिसकडून कारणं मागवतं, म्हणजे ऑफिसरने निर्णय घेताना कॉम्प्युटरवर जे टिपून ठेवलेलं असतं ते. सप्टेंबरमध्ये ती दोन पानं आली. खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं: अर्जदार स्वतःला यजमानाची सख्खी बहीण म्हणवते. यजमानाची जन्मतारीख १ जून १९६८, अर्जदाराची १ डिसेंबर १९६८. एका आईपोटी हे अशक्य. नातं खरं असल्याची खात्री नाही. अवयवाचा सौदा असण्याची शक्यता.

मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. अहो, आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे! माझे सासरे एक जूनचे, त्यांचे दोन भाऊ एक जूनचे. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर शाळा सुरू व्हायच्या आसपासची तारीख टाकायचे आणि वर्ष अंदाजाने. ती तारीख मग दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीवर, पासपोर्टवर. पण हे आपल्याला माहीत. त्या ऑफिसरला कोण सांगणार? आणि आम्हाला ते सांगावं असं वाटलंच नाही. हवेबद्दल कोणी खुलासा देतं का? फॉर्म भरताना शिवरामभाऊंनी त्या दोन तारखा स्वतःच्या हाताने एकाखाली एक लिहिल्या होत्या. मोजमापात ज्याचा हात कोणी धरत नव्हतं, त्या माणसाने! त्यांना त्यात काही खटकलं नाही.

ते आले, टिपण वाचलं. दोनदा वाचलं. मग अगदी हळू आवाजात सांगायला लागले.

"वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा, धम्मी पुरती साडेचारचीही नव्हती. आई संत्र्याच्या बागेत कामाला जायची. पोरीला घरी कोण बघणार? म्हणून एकाच दिवशी दोघांना शाळेत नेलं. मास्तर भला माणूस. म्हणे, गंगुबाई, पोर लहान आहे, पण बसू दे भावाजवळ. माझी तारीख टाकली एक जून. तिचं वय वाढवायला पाहिजे ना, नाहीतर नाव दाखल होत नाही. आता दोघांना एकच तारीख लिहिली तर जुळे होतात. म्हणून तिला सहा महिन्यांनी धाकटी केली. आईले कोणी विचारलंच नाही, ताई. तिला बरोबर माहीत होतं. मी थंडीतला, ही आषाढातली, मधात पुरी अडीच वर्षं."

तोपर्यंत ही केस किडनीची होती. त्या दिवसापासून ती त्या परिच्छेदाचीही झाली. प्रताप म्हणाला, केस मजबूत आहे. ऑफिसरला शंका होती तर त्याने विचारायला हवं होतं, खुलाशाची संधी न देता खोटं ठरवता येत नाही. शिवाय तो म्हणाला, बाजूने नवा अर्जही करू, मास्तरांच्या शाळेचं पत्र जोडू, डीएनए टेस्ट जोडू. शिवरामभाऊंनी नकारार्थी मान हलवली.

"सत्तरीच्या म्हातारीची लाळ काढून विचारायचं, ही तुझीच पोर का? आईला यातलं काही कळता कामा नये. आणि नवा अर्ज केला म्हणजे जुनं वाक्य तसंच राहिलं."

मी नवा फॉर्म भरून ठेवला होता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून राहिला.

फेब्रुवारी २०१० मध्ये परवानगी मिळाली. मी फोन केला तेव्हा ते मशीनवर होते, मागे त्याची पिंपिं ऐकू येत होती. सुनावणी पाच मे. त्यांनी विचारलं, "बुधवार आहे ना? मी डायलिसिस मंगळवारी करून घेतो."

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंत्र्यांच्या वकिलांचं पत्र आलं. अशा केसेसमध्ये समोर नाव मंत्र्यांचं असतं आणि लढतात सरकारी वकील. त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही केस मागे घ्या, आम्ही जुना निकाल रद्द करून फाइल दुसऱ्या ऑफिसरकडे पाठवतो. सरकारी वकील असं पत्र पाठवतात ते केस पडणार असं दिसलं की. प्रतापने टेबलावर थाप मारली. "ले लो! इससे ज़्यादा जज भी नहीं देगा."

खरंच होतं. जिंकून जे मिळणार, तेच दोन महिने आधी मिळत होतं.

शिवरामभाऊंनी पत्र वाचलं. "यात ते वाक्य चूक होतं असं लिहिलंय का?"

"नाही. तडजोडीत कोणी चूक कबूल करत नाही."

"म्हणजे निकाल रद्द, पण वाक्य फाइलमध्ये राहील. नवा साहेब ते वाचेल. अन् त्यालाही तसंच वाटलं तर?"

"तर पुन्हा कोर्ट."

"नाही. जजने लिहून द्यावं. मी चूक असलो तर तसं लिहावं, तो चूक असला तर तसं लिहावं."

प्रतापने हात टेकले. कागदावर अर्जदार धम्मप्रिया होती, पण तिने नागपूरहून कळवलं होतं की दादा म्हणेल तसं. प्रताप मला बाजूला घेऊन म्हणाला, "मराठी में समझाओ इनको. ही इज अ सिक मॅन."

आता सांगते, मी काय समजावलं. मी त्यांच्यासमोर बसले. चौदा वर्षं मी लोकांना वाकताना पाहिलं होतं. काहीही लिहा मॅडम, पण काम होऊ द्या, म्हणणारे. बायकोला बहीण करायला तयार, धर्म बदलायला तयार. आणि हा एक माणूस म्हणत होता, मला लेखी उत्तर पाहिजे. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. मी म्हणाले, "शिवरामभाऊ, प्रताप म्हणतोय घ्या. पण तुमच्या जागी मी असते तर मीही घेतलं नसतं. दोनच महिने तर आहेत."

ते म्हणाले, "तेच म्हणतो मी."

कोणाची किडनी, कोणाचे दोन महिने, आणि शूरपणा कोणाचा! त्या वाक्यासाठी मी स्वतःच्या थोबाडीत किती वेळा मारून घेतली असेल, त्याला सुमार नाही.

अठरा एप्रिलला, रविवारी, मिसिसागाच्या एका शाळेच्या जिममध्ये त्यांच्या असोसिएशनची आंबेडकर जयंती होती. त्यांनी मला बोलावलं होतं, मी गेले. ते जेमतेम दहा मिनिटं बोलले, पाय सुजलेले होते, खुर्चीतूनच बोलले. केसबद्दल सांगितलं, की सरकार मोठं असलं तरी या देशात त्याला जाब विचारणारी खोली आहे, अन् आपण पाच तारखेला तिथे चाललो. टाळ्या पडल्या. जेवताना त्यांनी वरणाची वाटी परत केली, पाण्याचा हिशेब संपला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला निघाले आणि बसस्टॉपवरच कोसळले. शनिवार-रविवारचा खंड पडतो, शरीरात पोटॅशियम साठतं, हृदय थांबतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. वहिनींचा फोन मी घेतला. टिश्यूचा डबा समोरच होता. मी तो उचलून भिंतीवर फेकला.

धम्मप्रियाने अंत्यसंस्काराला येण्यासाठी तातडीचा अर्ज केला. फॉर्मवर पहिलाच प्रश्न, पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का? हो. मृत व्यक्तीशी नातं? भाऊ. दोन दिवसांनी उत्तर आलं: नात्याचा पुरावा जोडा. तिच्याकडे पुरावा कोणता, तर शाळेचा दाखला. त्यावर तारीख तीच. तेव्हा मात्र गंगुबाईंना सगळं कळलं, कारण पुराव्यासाठी कोणीतरी त्यांचाच अंगठा घ्यायला गेलं. शुक्रवारी इथे दहन झालं, बहीण तिकडे आणि आई तिकडे.

पाच मेला सुनावणी झाली. क्वीन स्ट्रीटवरची इमारत, वरच्या मजल्यावरची लाकडी भिंतींची खोली, माणसं सहा. प्रतापने शिवरामभाऊ वारल्याचं कोर्टाला आधीच कळवलं होतं, वकिलाला ते कळवावंच लागतं. सरकारी वकील एक तरुण मुलगी होती. तिने आधी वहिनींकडे बघून दुःख व्यक्त केलं आणि मग उभी राहून म्हणाली की आता या केसमध्ये वाद शिल्लक नाही. अर्ज भावाला किडनी द्यायला येण्याचा होता. भाऊ नाही, तर भेट नाही. कोर्टाने जुना निकाल रद्द केला तरी नवा ऑफिसर कशावर विचार करणार?

प्रताप चांगला लढला. म्हणाला, वाद मेला असला तरी कोर्टाला मर्जीने निकाल देता येतो, आणि इथे द्यायला हवा, कारण एका बाईच्या नावापुढे सरकारने लिहून ठेवलंय की ती खोटी बहीण आहे. जज म्हातारे होते, सभ्य होते. मन लावून ऐकलं. एकदा चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, लिहील हा माणूस. देवाशप्पथ, वाटलं मला.

आठवड्याने आदेश आला, दीड पान. कोर्ट कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे. प्रकरण निरर्थक ठरल्यामुळे अर्ज फेटाळण्यात येत आहे. ऑफिसरचा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर कोर्ट कोणतंही मत व्यक्त करत नाही. वर अपील कोर्टात जायचं तर या जजनेच एखादा महत्त्वाचा प्रश्न वर पाठवावा लागतो, त्यांनी एकही पाठवला नव्हता. संपलं. कायद्याच्या दृष्टीने त्या आदेशात बोट ठेवायला जागा नव्हती, हे प्रताप म्हणाला आणि मलाही ते दिसत होतं. म्हणूनच जास्त चीड आली.

नागपूरला फोन मलाच करायचा होता. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजली. धम्मप्रिया शिक्षिका, सगळं नीट ऐकून घेतलं. मधे रडली नाही.

"म्हणजे जजसाहेब काय म्हणाले, ताई? मी दादाची कोण?"

"ते त्यांनी ठरवलं नाही."

"नाही म्हणाले?"

"नाहीही म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. ते वाक्य आहे तसंच राहिलं, धम्मप्रिया." मी आणखी काहीतरी बोलत राहिले, पुन्हा कधी अप्लाय केलंस तर सोबत खुलासा जोड, मी मदत करीन, पैसे नकोत. तिने मधेच थांबवलं. मागून गंगुबाईंचा आवाज येत होता, चिरका, मोठा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"कोर्टातला फोन हाय का वो? काय म्हनलं साहेबानं? तू माह्याच पोटची हाय म्हनलं ना?"

धम्मप्रियाने फोनवर हात ठेवला नाही. मला सगळं ऐकू आलं.

"हो, आई. म्हणाले."

"लिहून देल्लं?"

"हो. दिलं लिहून."

"मंग शिवरामले सांग," म्हातारी म्हणाली, आणि मग तिला आठवलं.